चोथा

आजारी माणसाला भेटायला जाताना काय न्यावं, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. मोसंबी न्यायची. आजार कुठलाही असो. मोतीबिंदू काढलेल्याला मोसंबी, पाय मोडलेल्यालाही मोसंबी. गेल्या माघात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत पाच दिवसांत सदतीस मोसंबी जमली. मी मोजली. पडून असलेल्या माणसाला तेवढाच उद्योग. शिवाय तेरा सफरचंदं, अडीच डझन केळी, चार डाळिंबं, एक पपई आणि एक अननस. अननस मामेसासऱ्यांनी आणला होता. ज्याला दोन महिने जोर लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, त्याच्या उशाशी तो काटेरी ऐवज ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, निवांत खा."

भेटायला येणारा माणूस फळं आणतो, पण खाऊन जात नाही. त्याला आपण चहा देतो. त्यामुळे घरातली फळं वाढत जातात आणि दूध संपत जातं. सहाव्या दिवशी बायकोनं फ्रिज उघडला तेव्हा आतून एक सफरचंद स्वतःहून बाहेर पडलं आणि घरंगळत सोफ्याखाली गेलं. ते काढायला वाकायची मला मनाई आणि तिला कंबरदुखी. ती फ्रिजकडे बघत म्हणाली, "आता मिक्सरच काढते."

मिश्र फळांचा रस आरोग्याच्या काळजीतून जन्माला आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी मराठी घरातला फ्रिज आतून पाहिलेला नाही. हा रस जन्माला येतो तो 'नासून जाईल' या धास्तीतून. सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी पूजेतली पाच फळं, ओटीतली दोन आणि शेजारणीनं प्रसाद म्हणून परत धाडलेलं एक, अशी आठ फळं टोपलीत दाटीवाटीनं बसून एकमेकांना पिकवत असतात. पिकवत असतात हे अगदी शब्दशः. सफरचंदातून आणि पिकत्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकायची घाई करतो. चाळीत एकाच्या पोराचं लग्न ठरलं की बाकीच्यांच्या घरी जसं सुरू होतं, तसंच. आपण फळ टाकून देऊ शकत नाही, कारण ते पाप. आणलेल्याला परत देऊ शकत नाही, कारण तो अपमान. राहता राहिला मिक्सर.

मिक्सरमध्ये आधी कोण जाणार याचीही सेवाज्येष्ठता यादी असते. काळा डाग पडलेलं केळं सर्वांत वर. त्यामागे बोटानं दाबल्यावर खड्डा पडणारी पपई. मग सुरकुतलेलं सफरचंद. मोसंबी शेवटी, कारण तिची साल वाळून कडक झाली तरी आत ती निवृत्तीनंतरच्या हेडक्लार्कसारखी टिकून असते. हे सगळं एकत्र फिरवलं की जो रंग तयार होतो, तो घटक कितीही बदलले तरी तोच राहतो. धुऊन धुऊन विटलेल्या भगव्या साडीचा. ज्यूस सेंटरमध्ये 'मिक्स फ्रूट'चा रंग एवढा गुलाबी कसा, याचं मला वर्षानुवर्षं कौतुक होतं. एकदा काउंटरच्या मागच्या बाजूला उभं राहायची वेळ आली आणि सोललेल्या बिटाची फोड भांड्यात पडताना दिसली. काही गोष्टी माणसानं समोरून बघाव्यात.

आमच्या माळ्यावर खरं तर एक ज्यूसरही आहे. बारा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून आणलेला. विकणाऱ्या मुलानं आमच्या डोळ्यांदेखत एका बाजूनं रस आणि दुसऱ्या बाजूनं कोरडा चोथा काढून दाखवला होता. रस बघून मी भारावलो आणि चोथा बघून बायको. "बघा, किती कोरडा!" पण त्या यंत्राचे सुटे भाग सात. सातही घासायचे आणि त्यातल्या एका बारीक जाळीत अडकलेले तंतू टूथब्रशनं काढायचे. तीन वेळा रस काढला आणि चौथ्या वेळी तो माळ्यावर गेला. आपल्या घरांत मिक्सर टिकला, कारण तो सकाळी चटणी वाटतो, दुपारी इडलीचं पीठ वाटतो आणि संध्याकाळी रस काढतो. कधी कधी रसाला चटणीच्या लसणीचा वासही येतो, पण त्याला आपण घरगुती चव म्हणतो.

तर पहिला ग्लास आला. "पटकन प्या, काळा पडतो." हे बायकोचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. सफरचंद कापलं की त्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी संधान बांधतं आणि गर तपकिरी होतो. लिंबू पिळलं की ते थांबतं. मी पटकन प्यायलो. मग उरलेलं थोडं कशाला ठेवायचं म्हणून भांड्यातलंही प्यायलो. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिनं बदल म्हणून नुसती पपई घेतली, वर दूध घातलं आणि त्याला शेक असं नाव दिलं. तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्याचा फोन म्हणजे पाऊण तास. तेवढ्या वेळात ओट्यावरचा शेक कडू होऊन बसला.

हे का होतं ते मला नंतर कळलं. अननसात ब्रोमेलिन आणि पपईत, विशेषतः कच्च्या पपईत, पपेन अशी प्रथिनं तोडणारी विकरं असतात. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात तो त्यासाठीच. दूध मात्र असं शिजवून द्यायला त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. विकरं दुधातल्या प्रथिनांचेही तुकडे करतात आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. कळलं ते नंतर. त्या क्षणी मी काय केलं, तर नाक दाबून अख्खा ग्लास रिकामा केला. कारण कडू लागलं म्हणजे औषधी असणार.

ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खोड आहे आणि ती वाटते तितकी विनोदी नाही. आमच्या बागेच्या फाटकाशी पहाटे एक जण दुधी, कारलं, आवळा आणि गव्हांकुरांचे रस घेऊन उभा असतो. चालायला येणारी मंडळी आधी पितात आणि मग चालतात. कित्येक जण पिऊन घरी जातात. तिथं एकदा एक गृहस्थ म्हणाले, "आज दुधी जरा कडू आहे, म्हणजे अस्सल दिसतो." मी घाबरून त्यांचा हात धरला. दुधी कधी कधी निसर्गतःच कडू निपजतो आणि त्या कडवटपणाला कारण असलेली कुकर्बिटासिनं विषारी असतात. २०१० साली दिल्लीत असा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुधीचा रस कडू लागला तर तो पिऊ नये, टाकून द्यावा, असं स्पष्ट सांगितलं. त्या गृहस्थांनी माझं ऐकलं. पण ग्लासचे पैसे वाया गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर पुढच्या दोन फेऱ्यांत मला दिसत होतं.

पुढे टाके दाखवायला गेलो, तेव्हा रक्ततपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. ती माझ्या पुतणीच्या वयाची असेल. मी अभिमानानं सांगितलं, की चहात साखर निम्मी केलीय, मिठाईला हात लावत नाही आणि रोज फळांचा ताजा रस घेतो.

"काका, फळ खा. रस नको."

"पण रसात फळच असतं ना?"

"किती फळं असतात एका ग्लासात?"

मी बोटं मोजू लागलो. दोन मोसंबी, अर्धं सफरचंद, एक केळं, डाळिंबाचे मूठभर दाणे, पपईच्या दोन फोडी. "आणि प्यायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काळा पडायच्या आत."

तिनं समजावलं ते असं. एक मध्यम संत्रं खाल्लं तर त्यात साधारण बारा ग्रॅम साखर आणि तीन ग्रॅम तंतू असतात. तशाच संत्र्यांचा गाळलेला एक ग्लासभर रस घेतला तर साखर वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच चमचे, आणि तंतू जवळजवळ नाहीतच. साखर भांडंभर खाली उतरते आणि तंतू गाळणीत राहतो. मिक्सरमध्ये फिरवून न गाळता प्यायलं तर चोथा निदान पोटात जातो. पण पातं इतकं बारीक करतं, की दातांना काम उरत नाही आणि पोटाला काही आल्याचं लक्षात येईपर्यंत दुसरा ग्लास भरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलीय. तिला त्यांनी 'मुक्त साखर' म्हटलंय आणि ती दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत, असं सांगितलंय. फोडीत असेपर्यंत ती साखर सभ्य घरातली. गाळणीतून उतरली की मोकाट सुटलेली. द्राक्षाच्या रसात तर थंड पेयांतल्या कोलापेक्षाही साखर जास्त भरते. हे ऐकून मला नाशिकच्या साडूंची काळजी वाटली.

घरी येऊन मी प्रयोग करायचं ठरवलं. निवृत्त माणसाला प्रयोगाला काय लागतं? एक ताट आणि एक घड्याळ. ग्लासात जेवढं जायचं तेवढंच सगळं ताटात मांडून घेतलं आणि सकाळी आठ दहाला बसलो. मोसंबं सोलायलाच पाच मिनिटं गेली. वरचं पांढरं अस्तर काढायचं, फोडीचा पापुद्रा सोलायचा, बी हातावर घ्यायची. पहिल्या मोसंब्याला अग्रलेख संपला. डाळिंबाचे दाणे एकेक करत खाताना मी निविदा सूचना वाचल्या. सफरचंदाला वधू-वर जाहिराती पुरल्या, त्यातल्या दोन तर चांगल्या स्थळांच्या होत्या. आठ पन्नासला मी हरलो. केळं शिल्लक होतं आणि पोटात जागा नव्हती. जे मी रोज दीड मिनिटात गिळत होतो, ते चाळीस मिनिटं चावूनही संपलं नव्हतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनीही २००९ साली असाच काहीसा प्रयोग केला होता. जेवणाआधी त्याच माणसांना कधी सफरचंद, कधी त्याचा लगदा, तर कधी रस दिला. अख्खं सफरचंद खाल्लं त्या दिवशी ती माणसं जेवणात सुमारे पंधरा टक्के कमी उष्मांकांवर थांबली. रसात वेगळा तंतू मिसळून दिला, तरी रस सफरचंदाची बरोबरी करू शकला नाही. त्यांनी ताटाशेजारी वर्तमानपत्र ठेवलं होतं की नाही, ते मात्र कुठं वाचलं नाही.

रसाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर सदतीस मोसंबी आणणाऱ्यांवर अन्याय होईल. ज्याला चावता येत नाही त्याचं रसावाचून चालत नाही. माझ्या वडिलांचे शेवटचे तीन महिने मोसंबीच्या रसावर गेले. दोन बोटांत चमचा धरून आई रस ओठांशी न्यायची, ते जरा थांबायचे, मग घोट घ्यायचे. एक वाटी संपायला अर्धा तास लागायचा. आजारी माणूस आणि मोसंबी यांची जोडी जमली ती बहुधा अशा चमच्यांमुळे. रसात क जीवनसत्त्व असतं, पोटॅशियम असतं, आणि जेवणासोबत थोडं आंबट फळ किंवा लिंबाची फोड असली तर भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या बाईला हे कोणी शिकवलेलं नसतं.

क जीवनसत्त्वाची जुनी गोष्टही गमतीची आहे. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरनं सॅलिस्बरी जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. संत्री सहा दिवसांत संपली, पण तेवढ्यात त्या दोघांतला एक कामावर रुजू होण्याइतका ठणठणीत झाला. इथवर लिंडसाहेब शहाणे. मग त्यांना वाटलं, जहाजावर एवढी फळं कोण बाळगणार, नासून जातील. म्हणून त्यांनी रस आटवून घट्ट पाक करायची शिफारस केली. आटवण्यात क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग गेला आणि पाक काही खलाशांच्या उपयोगी पडला नाही. 'नासून जातील' ही धास्ती आमच्याच स्वयंपाकघरातली आहे असं मला आजवर वाटत होतं.

आहारतज्ज्ञ मुलीचं सगळं ऐकून घेतल्यावर माझ्या डोक्यात एक शब्द अडकून राहिला. खा. फळ 'खा'. आणि एकदम लक्षात आलं, की मराठीत रस आपण पीत कुठं होतो? ज्यूस पितात. रस खातात. "या रविवारी रस खायला या," असंच निमंत्रण असायचं. आणि रस म्हटलं की तो आंब्याचाच. बाकीच्यांना आपापली नावं लावून यावं लागायचं. अक्षय्य तृतीयेनंतर आमच्याकडे आंबे आधी हातानं माचवले जायचे, मग परातीत पिळले जायचे. आजी शेवटी कोय आणि साल पाण्यात खळबळून घ्यायची आणि त्या पाण्याची ताक घालून कढी करायची. आमच्या खानदेशी शेजारणी तिला फजिता म्हणत. वर चमचाभर तूप घातलेला रस वाटीत आणि पोळीचा घास त्यात. तो गिळता यायचाच नाही. पोळी चावावी लागायची, आंब्याचा रेषा दातात अडकायचा आणि मग रात्रभर जीभ तिथंच. शिकरणाचंही तसंच. केळ्याच्या चकत्या, दूध, साखर, वेलची, सोबत पोळी. हल्ली मॉलमध्ये बनाना स्मूदी म्हणून उंच ग्लासात जे देतात, ते पोळी हरवलेलं शिकरण आहे. पोळी गेली आणि क्रियापद बदललं. साखर तेव्हाही होतीच, पण तिला तोंडातून जाताना थोडा वेळ लागायचा.

हा शोध मी बायकोला सांगितला. ती चोथा पिळत होती. तिला चोथ्याबद्दल पहिल्यापासूनच आपुलकी. मोसंबीच्या साली ती वाळवून उटण्यासाठी ठेवते, लिंबाच्या सालींनी देवाची तांब्याची भांडी घासते आणि चोथा तिनं एकदा थालीपिठात घातला होता. थालीपीठ उत्तम झालं, फक्त कांदा आणि मोसंबी यांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकदा गुलाबाच्या कुंडीत घातला, तर गुलाबापेक्षा चिलटंच जास्त फुलली. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं खायचं ते मी कुंडीला घालत होते आणि कुंडीला घालायचं ते तुम्ही..." पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात पुढचं वाक्य पूर्ण करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाळणी भिंतीवरच्या खुंटीला गेली. उरलेली मोसंबी आम्ही दोघांनी चहाच्या वेळेला, चहाऐवजी सोलून खाल्ली. अननस मात्र कोणाच्यानं चिरवेना. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचा गुडघा बदलला, तेव्हा तो त्यांच्या उशाशी ठेवून मी म्हणालो, "निवांत खा."

चार महिने ज्यूस सेंटरची पायरी चढलो नव्हतो. परवा स्टेशनवरून येताना उन्हानं जीव नकोसा झाला. काचेमागे मोसंब्यांचा मनोरा, वर टांगलेले अननस, फळ्यावर मिक्स फ्रूट, कॉकटेल, गंगा-जमुना. गंगा-जमुना म्हणजे संत्रं आणि मोसंबी एकत्र. मोह फार झाला, पण मी साधी मोसंबी सांगितली. "साखर नको, बर्फ नको, आणि गाळू नका."

त्याचा हात थांबला. "काका, चोथा येईल तोंडात."

"येऊ दे."

त्यानं मोसंबी भांड्यात फिरवली, गाळणीकडे एकदा सवयीनं हात नेला, परत घेतला आणि तो जाड, कोंडा पडल्यासारखा दिसणारा ऐवज ग्लासात ओतला. मी एक चमचा मागितला. तो त्याच्याकडे नव्हता, म्हणून फळं कोरायचा लांब दांडीचा चमचा धुऊन दिला. मी एक चमचा तोंडात घ्यायचा, चावायचा, गिळायचा. शेजारी कॉलेजातली दोन मुलं सीताफळाचा शेक पीत होती. त्यांचं स्ट्रॉ ओढणं थांबलं. ज्यूस चावणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असावा. वीस मिनिटं लागली. एव्हाना दुकानदार काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून माझ्याकडे बघत होता.

पैसे पुढे केले तेव्हा त्यानं विचारलं, "काका, एवढं सांगा, हे तुम्ही खाल्लं की प्यायलं?"

माझ्या तोंडात अजून मोसंबीची एक बी होती. ती हातावर काढेपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.